जावयाचं घड्याळ

माझा आतेभाऊ अकोल्याला असतो आणि त्याचा मुलगा निखिल पुण्याला. मी या वयातही चिखलदऱ्याच्या बाजूला डोंगर चढायला एकटी जाते हे कळल्यापासून त्या पोराच्या जिवाला घोर लागला होता. रोज संध्याकाळी फोन करून तो मला प्रश्न विचारायचा. आत्या, चढ कसा असतो, पावसात जातेस का, मोबाइलला तिथे रेंज असते का, हाताला घाम किती येतो. त्याने अमेरिकेपासून जपानपर्यंतची घड्याळं पालथी घातली आणि शेवटी कुरिअरने माझ्या दारात एक काळं, चौकोनी, रबरी पट्ट्याचं घड्याळ येऊन पडलं. ते पाण्यात बिघडत नाही, उंची सांगतं, दिशा सांगतं, नाडी मोजतं. मी जरा जास्त वेळ वाचत बसले की मनगटाला गुदगुल्या करून उठा म्हणतं; एवढी काळजी माझी कोणत्याही माणसाने केलेली नाही. आणि त्यात एक सोय अशी आहे की तुम्ही डोंगरात कुठे पडलात तर ते आपणहून एका माणसाला फोन लावतं. तो माणूस कोण, हे मात्र आपण आधी सांगून ठेवायचं. निखिलने फोनवर विचारलं, "आत्या, कोणाचं नाव टाकायचं? जवळचं कोणी सांग, अमरावतीतलं." मी शेजारच्या फ्लॅटपासून सुरुवात केली, मग जुन्या मैत्रिणींकडे वळले, त्यातल्या दोघी आता नाहीत, एक मुलाकडे बंगलोरला गेली. मी म्हटलं, बघू, नंतर टाकू. तो रकाना बरेच दिवस रिकामाच राहिला.

डोंगरासाठी घड्याळ निवडण्याचा माझ्या आयुष्यातला हा दुसरा प्रसंग. पहिल्या वेळी मी बाविशी-तेविशीची असेन. तेव्हाही अडलं ते घड्याळापाशी नाही, नावापाशीच अडलं.

अंबागेटच्या आत आम्ही भाड्याच्या दोन खोल्यांत राहत असू. आम्ही म्हणजे मी आणि बाबा. बाबा मूळचे चांदूर बाजारकडचे, घरी काळी जमीन, ती धाकटे काका पाहायचे. बाबा शिकले आणि अमरावतीला शाळेत भूगोलाचे मास्तर झाले. फळ्यावर सातपुड्याची रांग ते न थांबता एका रेघेत काढत. गाविलगड कुठे, चिखलदरा कुठे, सिपना कुठून निघते, हे त्यांनी पिढ्यान् पिढ्या पोरांना घोकायला लावलं. स्वतः मात्र परतवाड्याच्या पुढे कधी गेले नाहीत. आधी आईचा दमा होता, मग आईचं आजारपण, मग तिच्या मागे मी. आई गेली तेव्हा मी कॉलेजात होते. घरातलं सगळं बोलणं तीच बोलायची, हे ती गेल्यावर आम्हाला कळलं. दोघं घरात असूनही भांड्यांचा आवाज तेवढा व्हायचा.

स्वयंपाक मी करत असे. ज्वारीची भाकरी, वरण, अंबाडीची भाजी, कधी कढीगोळे. थंडीत बाबा गावाहून तुराट्यांची मोळी आणायचे, मागच्या अंगणात त्या पेटवून वांगी भाजायचे आणि भरीत मात्र मला हात लावू न देता स्वतः कालवायचे, वरून कच्च्या तेलाची धार, हिरवी मिरची, कांद्याची पात. ते खाताना आम्ही दोघं शेजारी बसायचो आणि दोघांच्याही डोळ्यांत पाणी असायचं. ते मिरचीचं होतं असं दोघंही धरून चालायचो. भिंतीवरचं चावीचं घड्याळ आतल्या खोलीत, चुलीसमोर होतं; बाबांची खुर्ची बाहेरच्या खोलीत. शहरातल्या कापसाच्या जिनिंगचा भोंगा वाजला की सगळ्या गल्लीला वेळ कळायची. भोंगा विरतो न विरतो तोच बाहेरून बाबांची हाक यायची, "नलू, किती वाजले?" मी सांगायचे. ते म्हणायचे, "बरोबर हाय." बस्स. पुष्कळ दिवस असे जायचे की एवढंच आमचं संभाषण. मी सुरुवातीला चिडायचे. आत्ता तर भोंगा झाला, विचारताय कशाला, असं मनात यायचं. मग एकदा लक्षात आलं की आईलाही ते असंच विचारायचे. घरात आतमध्ये कोणीतरी आहे ना, हे विचारायची त्यांना दुसरी रीत येत नव्हती.

वनस्पतिशास्त्रात एम. एस्सी. झाले आणि मेळघाटातल्या गवतांचं आणि औषधी झाडांचं सर्वेक्षण करणाऱ्या एका तुकडीत मला काम मिळायची चिन्हं दिसू लागली. पाचसहा जण, त्यात मी एकटी मुलगी. पक्कं होण्याआधी मला एकदा चाचणी म्हणून बरोबर नेलं. काम सांगायला सोपं होतं. एक वाट धरायची, ठरावीक वेळ चाललं की थांबायचं, आजूबाजूला काय उगवलंय ते पाहायचं, टिपायचं, पुन्हा चालायचं. प्रत्येकाची वाट वेगळी. आणि एक नियम सगळ्यांना सारखा होता, तो म्हणजे परतीच्या वेळेचा. ठरलेली वेळ झाली की समोर सोन्याचं झाड सापडलं तरी सोडायचं आणि वळायचं. डोंगरात ऊन अचानक जातं. समोरच्या रांगेवर ते लख्ख दिसत असतं आणि आपल्या नाल्यात दिवेलागण झालेली असते.

त्या दिवशी माझ्या हातात आईचं घड्याळ होतं. सोनेरी, साखळीचं, नखाएवढी तबकडी, बाराच्या जागी खडा आणि बाकी आकड्यांच्या जागी नुसते ठिपके. लग्नकार्यात मिरवायला छान. भुरभुर पाऊस होता. काचेला आतून वाफ धरली, ती पुसता येईना, आणि मी पानं पाहत राहिले तोवर घड्याळ कधीचं बंद पडलेलं. मी नाल्याकाठी पोचले तेव्हा सगळे माझी वाट पाहत उभे होते आणि दोघं मला शोधायला निघायच्या बेतात होते. तुकडीचे प्रमुख रागावले नाहीत. ते म्हणाले की झाड ओळखायला चुकलं तर पुस्तक आहे, परतायला चुकलं तर काही नाही. पुढच्या वेळी कामाचं घड्याळ बांधून या, नाहीतर येऊ नका. असं म्हणून ते जीपमध्ये बसले.

घरी आल्यावर मी हे बाबांना सांगितलं. वाटलं होतं ते म्हणतील, बरं झालं, सुटलो. अकोल्याची आत्या तेव्हा माझ्यासाठी स्थळं पाहत होती. एक पाहून झालंही होतं. बार्शीटाकळीकडचं घर, मुलगा अकोल्यात बँकेत. आत्याच्या घरी चहापोहे झाले तेव्हा बाकीच्यांनी मला स्वयंपाक येतो का, चष्मा आहे का असलं विचारलं आणि त्या मुलाने विचारलं की जंगलात तुम्ही नेमकं पाहता काय. मी रोशा गवताबद्दल सांगितलं. चुरगाळलं की कसा वास येतो, त्याचं तेल कसं काढतात. तो म्हणाला, "कधी आणा ना, पाहू." एवढंच. पण परतीच्या एसटीत मी सबंध वाट ते वाक्य धरून बसले होते. त्यांनी दिवाळीनंतर कळवतो म्हटलं होतं. मला डोंगरही हवा होता आणि तो वास घेऊन बघणारं माणूसही हवं होतं, आणि या दोन्हींत काही भांडण आहे असं मला तेव्हा वाटत नव्हतं.

बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि मलाच प्रश्न विचारू लागले. पाऊस किती असतो, हात खडकाला घासतो का, झाडीत उजेड कसा असतो. मग म्हणाले की ठिपक्यांचं घड्याळ कामाचं नाही, बाराही आकडे पाहिजेत आणि काटे लांब पाहिजेत, कारण वाट चुकली तर तास काटा सूर्याकडे धरायचा, त्याच्या आणि बाराच्या मधोमध जी रेघ जाते ती दक्षिण. हे ते वर्गात दरवर्षी शिकवायचे. (वैशाखात आपल्याकडे सूर्य डोक्यावर येतो तेव्हा ही युक्ती काडीच्या कामाची नाही, हे मी पुढे भर उन्हात शिकले. बाबांना सांगितलं नाही.) चावी मनगटात रुतायला नको, पाठचं झाकण घट्ट फिरकीचं पाहिजे, आणि चामड्याचा पट्टा नको, तो श्रावणात कुजतो. मी बघतच राहिले. आई गेल्यापासून ते सलग एवढं बोललेच नव्हते. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर आम्ही दोघं जवाहरगेटकडे निघालो. माझ्या अंगात इतका उत्साह होता की मी त्यांच्या पुढे चालत होते आणि पुन्हा पुन्हा थांबत होते.

घड्याळाचं दुकान बाबांच्याच एका जुन्या विद्यार्थ्याचं होतं. भिंतभर घड्याळं, एकाचाही टोला दुसऱ्याशी जुळत नव्हता. बाबांना बघून तो गल्ल्यावरून उठला, फडक्याने खुर्ची झटकली आणि माझ्याकडे पाहून बायकांच्या घड्याळांचा ट्रे काढला. बाबा म्हणाले, "हे नको. मोठं दाखवा, पुरुषांचं." त्याने ट्रे तसाच धरला, बाबांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा एकदम उजळला. आमच्याकडे मुलीचा बाप मुलीला घेऊन पुरुषी घड्याळ घ्यायला येतो त्याचं कारण एकच असतं. लग्नात जावयाला घड्याळ बांधायचा मान सासऱ्याचा.

"जवाईबापूंसाठी का, सर?"

मी बाबांकडे पाहिलं. हे अजून मला स्पष्ट आठवतं, मी हसण्याच्या बेतात होते. आता बाबा सांगतील, अरे जवाई कुठला, माझी पोरगी मेळघाटात कामाला चालली, तिच्यासाठी. हे त्यांनी कोणासमोर तरी, एकदा, मोठ्याने म्हणावं असं मला किती वाटत होतं ते त्या क्षणापर्यंत माझं मलाही माहीत नव्हतं. शेजारीपाजारी मी जंगलात जाते हे दबक्या आवाजात बोलायचे, जसं काही मला एखादा आजार झाला होता. बापाने एकदा चारचौघांत सांगितलं की मग कोणाचं काही ऐकायचं कारण उरलं नसतं.

बाबा म्हणाले, "हो."

घरात आम्ही वऱ्हाडी बोलायचो. शाळेतली भाषा बाबा शाळेतच ठेवून येत. त्या दुकानात ते शाळेच्या भाषेत बोलत होते. दुकानदाराने विचारलं, जवाईबापू काय करतात. बाबा म्हणाले, वनस्पतींचं सर्वेक्षण करतात, मेळघाटात. फिरतीचं काम दिसते, तो म्हणाला. हो, बाबा म्हणाले, डोंगर चढावे लागतात, पावसातही जावं लागतं, खडकाला हात घासतो. एका पाठोपाठ एक ते सगळं माझंच सांगत गेले, फक्त माझं नाव काढून. दुकानदाराने शेवटी विचारलं, हात कसा आहे, भरदार आहे का. बाबांनी माझ्याकडे न पाहता सांगितलं, "मनगट बारीक आहे."

"मंग ताईच्याच हातावर लावून पाहू ना," दुकानदार म्हणाला. मी हात पुढे केला. दुसरं काय करणार होते. त्याने एक एक घड्याळ माझ्या मनगटावर ठेवलं, बाबांनी एक एक नाकारलं. याचे काटे आखूड, याची चावी रुतते, याची काच उचललेली आहे, फुटेल. शेवटी एक आलं, पोलादी, पांढरी तबकडी, बाराही आकडे काळे आणि ठळक. बाबांनी विचारलं अंधारात दिसतं का. दुकानदाराने दोन्ही हातांची ओंजळ करून घड्याळावर अंधार केला, बाबांनी वाकून एका डोळ्याने आत पाहिलं, मग सरकून मला जागा दिली. आत हिरवे आकडे जळत होते. ते घड्याळ मला मनापासून आवडलं आणि ते माझं म्हणून मला सांगता येत नव्हतं. डोळे भरून आले. दुकानदाराला वाटलं, सासरी जायच्या आठवणीने. त्याने माझ्या हातावर पेढा ठेवला आणि घड्याळ लाल मखमलीच्या डबीत घातलं.

घरी येताना मी विचारलं, "बाबा, माह्यासाठी हाय म्हणाले असते त काय झालं असतं?" ते म्हणाले, "घरी चाल." घरी आल्यावर डबी त्यांनी वरच्या फळीवर देवाच्या फोटोमागे ठेवली आणि निघायच्या दिवशी देईन म्हणाले. मला वाटलं, त्यांना माझी लाज वाटते. आपल्याच बापाला आपली लाज वाटते, हे कळल्यावर माणूस भाकऱ्या थापतो, वरण फोडणीला टाकतो, सगळं करतो, पण भिंतीतल्या एखाद्या खुंटीसारखा.

अमरावतीत बातमीला वाहन लागत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी नळावर मला चार बायकांनी घेरलं. गुपचूप जमवलं का, मुलगा कोणता, जंगल खात्यात साहेब आहे म्हणे. एकीने सांगितलं, आता उखाणा पाठ करून ठेव. दुसरी म्हणाली, आधी नाव तर सांग, मग उखाणा जुळवू. मी कळशी उचलली आणि चालू लागले, त्याचाही अर्थ त्यांनी लाजण्याचा लावला. मी बाबांना म्हटलं, लोकांना सांगा ना. ते म्हणाले, "हं." शाळेत बाकीच्या मास्तरांनी त्यांचं अभिनंदन केलं, तिथेही ते हं म्हणाले. काम पक्कं झाल्याचं कळलं, निघायचा दिवस ठरला, आणि सबंध गल्ली माझ्या लग्नाच्या गोष्टी करत होती. लोक इतकं प्रेमाने बोलत होते आणि त्यातलं एक अक्षर माझ्याबद्दल नव्हतं. माझ्या आजवरच्या आयुष्यात मी डोंगरात पुष्कळ एकटी राहिले आहे. त्या दिवसांत नळावर वाटलं तेवढं एकटं मला रानात कधी वाटलं नाही.

निघायच्या आदल्या दिवशी सकाळच्या गाडीने अकोल्याहून आत्या आली. हातात करंज्यांचा डबा आणि तोंडात आग. बाबांपेक्षा ती मोठी, त्यामुळे भावाला झापायचा तिला जन्मसिद्ध अधिकार होता. चपला काढायच्या आधीच तिने सुरुवात केली.

"काहून रे, मले सांगाले तुह्याजवळ तोंड नव्हतं? जवाई पाहला, घड्याळ घेतलं, अन् सख्ख्या बहिणीले हे दुसऱ्याच्या तोंडून समजते?"

बाबा खुर्चीत बसले होते. ते म्हणाले, "जवाई नाई पाहला."

"मंग घड्याळ कोनाचं?"

"नलूचं."

आत्याने करंज्यांचा डबा बाबांच्या खुर्चीपाशी ठेवला आणि खाली बसली. मग तिने सांगितलं की अकोल्याच्या त्या लोकांनाही बातमी पोचली. पोरगी दुसरीकडे दिली असताना आम्हाला कशाला पोहे खाऊ घातले, असं तिच्या दारात येऊन बोलून गेले. आणि परवा त्या मुलाची दुसरीकडे सुपारीही फुटली. एवढं चांगलं स्थळ होतं, हसतमुख पोरगा होता, तुझ्या एका शब्दाने थांबलं असतं, मग लोकांना खरं का नाही सांगितलं, असं ती रडत रडत विचारू लागली.

बाबांनी डब्याचं झाकण काढलं. मग म्हणाले, "सांगतलं असतं त समद्यायनं मिळून तिले थांबवलं असतं. तू पयली. आता लोक जवाई शोधून राहिले. शोधू दे. तेवढ्यात पोरगी मेळघाटात पोचून जाईन."

आत चुलीजवळ उभी राहून मी हे ऐकत होते. लाज नव्हती. त्यांना माझी लाज वाटत नव्हती. ज्या माणसाने पोरांना खोटं बोलल्याबद्दल बाकावर उभं केलं, त्याने गावाला खोट्याच्या मागे लावून दिलं होतं, माझी गाडी निघेपर्यंत. मला हसू आलं आणि त्याच वेळी आठवलं की रोशा गवताचा वास घ्यायला आता अकोल्यात कोणी थांबलेलं नव्हतं. बाबांना ते माहीत नव्हतं. मी सांगितलंच नव्हतं कधी, आमच्या घरात असलं बोलायची रीतच नव्हती. आत्याने पदराने डोळे पुसले, माझ्याकडे वळली आणि विचारलं, "खरं सांग पोरी, तुले पसंत होता का थो?" बाबांचा हात करंजीच्या डब्यावर होता, तो तिथेच थांबला.

मी म्हटलं, "नाही."

बाबांनी करंजी उचलली. मग आत्यानेही एक खाल्ली. मी भाकरी उलटायला वळले आणि ती करपली. माझं ते 'नाही' बाबांना खरं वाटलं का, हे मी त्यांना कधी विचारलं नाही आणि त्यांनीही तो विषय कधी काढला नाही. कधीकधी संध्याकाळी वाटतं की त्यांनी माझ्यासाठी एक दार उघडलं तेव्हा दुसरं त्यांच्याच हाताने लागलं, आणि त्यात त्यांचा काही दोष नव्हता. दोन्ही दारांचं वारं मात्र मला जन्मभर लागलं.

दुसऱ्या दिवशी एसटी स्टँडवर परतवाड्याची गाडी लागलेली होती. आत्या रुसून घरीच थांबली होती, पण तिने माझ्या पिशवीत भाकरी, मिरचीचा ठेचा आणि उरलेल्या करंज्या भरून दिल्या होत्या. फलाटावर गर्दी होती. शाळेत जाणारी पोरं, दुधाच्या कॅन, रिद्धपूरच्या यात्रेला निघालेली काही म्हातारी माणसं. बाबांनी खांद्यावरची पिशवी खाली ठेवली, तिच्यातून आधी कागदाची पुडी काढली, मग ती लाल डबी. पुडीत कुंकू होतं आणि चार तांदूळ. सगळ्यांच्या देखत त्यांनी माझ्या कपाळाला आडवं बोट न लावता उभा टिळा लावला, जावयाला लावतात तसा, त्यावर अक्षता चिकटवल्या आणि माझा डावा हात हातात घेतला. मूळचा पट्टा त्यांनी बदलून घेतला होता. मोच्याकडून जाड कॅनव्हासचा पट्टा शिवून आणला होता, माझ्या मनगटाच्या मापाचा. तो बांधताना त्यांना बक्कल लागेना. मी मदत करायला दुसरा हात नेला तर त्यांनी तो बाजूला केला.

रिद्धपूरला निघालेल्या बायांमधली एक कधीची पाहत होती. तिने विचारलं, लेकीच्या हातात माणसाचं घड्याळ काहून बांधता बापू? बाबांनी मान वर केली आणि वर्गातल्या मागच्या बाकावरच्या पोरालाही ऐकू जाईल अशा आवाजात, पण घरच्या भाषेत सांगितलं, "माह्या लेकीचंच हाय. जंगलात नोकरीवर चालली थे."

फलाटावरचे दहावीस जण वळून पाहू लागले. मला त्यांच्यातल्या एकाचीही लाज वाटली नाही. मी वाकून नमस्कार केला, गाडीत चढले, खिडकीशी बसले. बाबा खाली उभे होते, रिकामी डबी हातात धरून. त्यांच्या डोक्यावरच स्टँडचं भलंमोठं घड्याळ होतं. तुम्ही एकटे कसं कराल, जेवाल ना, असलं काहीतरी मला विचारायचं होतं आणि मी मांडीवरची पिशवीच नीट करत राहिले. गाडी सुरू झाली, हलली, आणि तेवढ्यात बाबा दोन पावलं खिडकीबरोबर चालले.

"नलू, किती वाजले?"

मी मनगट वळवून पाहिलं आणि सांगितलं. ते म्हणाले, "बरोबर हाय."

नंतर सुट्टीवर घरी आले की दारात पाऊल पडताच बाहेरच्या खोलीतून तो प्रश्न यायचा. जंगलात काय खातेस, झोपतेस कुठे, ताप आला होता का, हे त्यांनी कधी विचारलं नाही. हळूहळू गल्लीनेही जावयाची चौकशी सोडली. घड्याळाला मात्र आमच्याकडे जावयाचं घड्याळ हेच नाव पडलं. ते घड्याळ बांधून मी सेमाडोहपासून कोलकासपर्यंतची रानं चालले, परतीच्या वेळी वळले, एकदा वाट चुकले तेव्हा तास काटा सूर्याकडे धरून गावही गाठलं. लग्न झालं नाही. ठरवून नाही, राहून गेलं. शेवटच्या आजारात बाबांना बोलणं कठीण झालं होतं, दिसायचंही कमी. मी उशाशी बसले की ते माझं मनगट चाचपून घड्याळाला हात लावायचे. मी न विचारता वेळ सांगायचे.

ते घड्याळ अजून चालतं. रोज सकाळी मी चावी देते. अलीकडे माझ्या ध्यानात आलं आहे की आता कोणी कोणाला वेळ विचारत नाही. ज्याच्या त्याच्या हातात फोन आहे. बसमध्ये, बँकेत, दवाखान्यात शेजारी बसलेलं माणूस पूर्वी वेळ विचारून बोलायला सुरुवात करायचं, तेही गेलं. बाबा गेल्यापासून मला घरात कोणी वेळ विचारलेली नाही. निखिलने पाठवलेलं घड्याळ न विचारता सगळंच सांगतं.

परवा त्याचा पुन्हा फोन आला. म्हणाला, आत्या, नाव टाकलं का, पुढच्या आठवड्यात तू परत डोंगरावर जाशील, मला झोप लागत नाही. मी म्हटलं, ते राहू दे, आधी मला विचार, किती वाजले. त्याला वाटलं माझं डोकं फिरलं. मग हसून म्हणाला, "बरं आत्या, किती वाजले?"

मी जुन्या घड्याळात पाहून सांगितलं. तो म्हणाला, "तुझं घड्याळ मागे आहे गं."

"असू दे," मी म्हटलं. मग चष्मा लावून त्या नव्या घड्याळात त्याचंच नाव घातलं. मी पडले तर पुण्याहून तो पोचेपर्यंत काय व्हायचं ते होऊन जाईल. पण किती वाजले, हे विचारलं तर त्याने.